पट्टा, दावे आणि राजाची फीत

व्युत्पत्तीच्या अभ्यासाला नव्याने येणाऱ्याच्या हाती आपण आधी धातुपाठ देतो आणि तो पहिल्याच पानावर जांभई देतो. त्यापेक्षा त्याला दिघ्याला न्यावे. नवी मुंबईच्या उत्तर टोकाचे हे गाव ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात येते. इथल्या कारखान्यांची जमीन एमआयडीसीची, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. साहेबाच्या दाराशी पट्टेवाला, आत यंत्राचा पट्टा. या गर्दीत एक जुना पट्टा मात्र दिसेनासा झाला आहे, तो राजाच्या कपाळावरचा.

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त या पट्टावर अख्खा अध्याय खर्ची घातला. पट्ट सोन्याचा, राजाच्या पट्टाला पाच शिखा, राणीच्या आणि युवराजाच्या पट्टाला तीन, सेनापतीच्या पट्टाला एक. मर्जी म्हणून द्यायच्या प्रसादपट्टाला एकही नाही! दरबारातली उतरंड कपाळावरच वाचता यावी, अशी सोय. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ९१५ मध्ये आपल्या पट्टबंधोत्सवासाठी कुरुंदकला आला होता, हे त्याचेच ताम्रपट सांगतात. पट्टराणी ही या पट्टाचीच मानकरी.

आता इंग्रजीतला ‘डायडेम’ घ्या. कोश त्याचा अर्थ ‘मुकुट’ देतात. चूक नाही, पण बोथट आहे. मूळ ग्रीक ‘डिआडेमा’ म्हणजे भोवती बांधलेली वस्तू. हिंद-ग्रीक राजा मिनँडरचे, म्हणजे बौद्ध ग्रंथांतल्या मिलिंदाचे, चांदीचे नाणे भिंगाखाली धरा. काही नाण्यांवर शिरस्त्राण आहे, पण कित्येकांवर केसांवरून गेलेली नुसती फीत, मागे गाठ आणि मानेवर रुळणारी दोन मोकळी टोके. राजेपण या गाठीत होते. हा शब्द लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत पोचला आणि पुढे त्या फितीला सोने-हिरे चिकटले.

त्या ग्रीक शब्दातला ‘बांधणे’ हा धातू आणि संस्कृत ‘दामन्’ एकाच कुळातले. दामन् म्हणजे दोर; यशोदेने पोटाला दोर बांधला म्हणून कृष्ण दामोदर. मराठीत त्याचेच ‘दावे’ झाले. म्हणजे सिकंदराच्या वारसांची राजफीत आणि आपल्या गोठ्यातले वासराचे दावे ही चुलत भावंडे.

इथे नवशिक्याला स्फुरण चढते आणि तो ‘दाम’ म्हणजे पैसाही याच दोरात ओवतो. तिथे हात आखडावा. तो दाम ‘द्रम्म’मधून आला आणि द्रम्म ग्रीक ‘द्राख्मे’मधून. ठाण्याहून कारभार करणाऱ्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म भेटतात. गंमत अशी की फीतवाल्या ग्रीक राजांची नाणी द्राख्मेच होती: वस्तू एक, शब्द दोन, नाते शून्य. कानाला सारखे लागते म्हणून सोयरीक जुळवणे हा या क्षेत्रातला सर्वांत जुना रोग, आणि तो विद्वानांनाही चुकलेला नाही.

म्हणून हाताशी किमान तीन पुस्तके हवीत: वापरासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, मराठी व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६चा कोश आणि पडताळ्यासाठी टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश. कुलकर्णी वाचायला रसाळ. म्हणूनच टर्नर शेजारी उघडा ठेवावा. सुरुवात दिघ्यातल्याच एखाद्या आगरी लग्नमांडवापासून करा. नवरदेवाच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या जातात. त्यातले ‘आवळ’ हे आवळण्यातले की ‘आवली’तले, ते तिन्ही कोश उघडून ताडून पाहा.