पाणंदीवरची वीज

पिरंगुटहून उरवडे मागे टाकून घाट ओलांडला की मुठा खोरं समोर येतं. डांबरी सडक मुठा गावातून टेमघर धरणाकडे निघून जाते. गाडीचा कस लागतो तो मात्र या सडकेला फुटणाऱ्या वाटांवर. भातखाचरांच्या बांधालगतची पाणंद आषाढात ओढा होते आणि चैत्रात नुसती दगडगोट्यांची रास.

शिवकाळात बारा मावळांत ज्याची ‘मुठे खोरे’ म्हणून गणना होई, तो हा मुलूख. एक सोंड उतरावी तोच दुसरी आडवी यावी, अशा या डोंगरांत चाकाला फारसा वाव नव्हता. घाटमाथा आणि कोकण यांच्यातली मालवाहतूक बैलांच्या पाठीवरून चाले. खालून मीठ वर येई, वरून धान्य खाली जाई. बैलगाडी होती ती खोऱ्याच्या तळाशी, सपाटीपुरती. पुढं आलेल्या प्रत्येक वाहनाची परीक्षा झाली ती तिथंच, सपाटी संपते त्या जागी.

शेजारच्या मुळा खोऱ्यात यंत्र आलं ते धरणाचं निमित्त घेऊन. टाटा कंपनीनं मुळशीजवळ नदी अडवायचं ठरवलं आणि 1921 च्या रामनवमीला मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी 1924 मध्ये धरणाच्या कामावर मजूर नेणारी रेल्वे रुळांवर दगड रचून अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. बैलाच्या मुलखात आलेलं हे वाफेचं वाहन लोकांना घेऊन जायला नव्हे, लोकांना उठवायला आलं होतं. धरण झालंच. सुमारे पन्नास गावांची जमीन गेली, 1927 पासून पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरू लागलं आणि वीज गेली मुंबईला, गिरण्यांसाठी. काठावरच्या वाड्यांत पुढं कित्येक वर्षं चिमण्याच पेटत होत्या.

स्वातंत्र्यानंतर जीप आली. महिंद्रांनी 1947 मध्ये विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला घेतली, आणि साहेब, पुढारी, मतपेट्या असं सगळंच चारही चाकं फिरवणाऱ्या त्या गाडीतून खेड्यापाड्यांत पोचू लागलं. सामान्य माणसाच्या वाट्याला आली एसटी. तिची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला धावली. मावळातल्या गावांना ओढ मात्र मुक्कामी गाडीची: रात्री गावात थांबायची आणि पहाटे दूधवाले, शाळकरी पोरं, तालुक्याला निघालेली म्हातारीकोतारी घेऊन सुटायची. डांबर संपे तिथं एसटी संपे. त्यापुढं बजाज टेम्पोची तीनचाकी. तिच्या नाकाडावरून लोकांनी तिला ‘डुक्कर’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. नंतर वडापाच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, ट्रॅक्स आल्या. आतल्याइतकीच माणसं बाहेर लटकलेली असत. सुरक्षेच्या दृष्टीनं भयंकर, पण पर्याय कोणता होता?

तेलावरच्या या गाड्यांना विजेची जोड द्यायचा एक प्रयत्न झाला तो हिंजवडीत. आयटी पार्क म्हणून जगाला ठाऊक असलेलं हे गावही मुळशी तालुक्यातच येतं, हे पुणेकर सहसा विसरतात. तिथल्या केपीआयटी कमिन्सनं 2010 मध्ये भारत फोर्जच्या साथीनं ‘रेव्होलो’ नावाचं किट जाहीर केलं. जुन्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीला ते बसवायचं, इंजिनाला विजेच्या मोटरची जोड द्यायची आणि बॅटरी घरच्या प्लगवर भरायची. थोडक्यात, प्लग-इन हायब्रिडच. इंधनाची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांहून अधिक वाढेल, असा कंपनीचा दावा होता. रोख होता शहरातल्या खोळंबलेल्या वाहतुकीवर. पाणंद कुणाच्या मनात नव्हती. मोटारींसाठी ते बाजारात रुजलं नाही आणि कंपनी पुढं विजेच्या बसकडे वळली.

डोंगराचा विचार जपानमध्ये झाला. मित्सुबिशीची आउटलँडर पीएचईव्ही ही प्लग-इन हायब्रिड गाडी 2013 मध्ये तिथं विक्रीला आली. पुढच्या चाकांना एक मोटर, मागच्या चाकांना दुसरी, दोहोंना जोडणारा दांडा नाही, आणि 12 किलोवॅट-तासाची बॅटरी. भारतात व्होल्व्होची प्लग-इन एक्ससी90 आली 2016 मध्ये, किंमत सव्वा कोटी.

अशा गाडीचा खरा गुण कळतो तो दगडावर. इंजिनाला जोर धरायला फेरे लागतात, म्हणून जुना जीपवाला चढावर अर्धा क्लच दाबून इंजिन रडवायचा. मोटर पहिल्या फिरण्यापासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळं चाक गोट्यावर इंच-इंच चढवता येतं. उतारावर तीच मोटर जनित्र होते; गाडी रोखली जाते आणि बॅटरीत थोडी भर पडते. अट एवढीच की बॅटरीत जागा हवी. माथ्यावरच ती काठोकाठ भरून निघालात, तर उताराची कमाई ठेवणार कुठं? शिवाय दोन्ही यंत्रणांचं ओझं एकाच गाडीवर. चिखलात ते रुततं आणि चाकोरीतल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकतं. पूर्वी अशा जागी चेंबर फुटायचा आणि तेल गळायचं. बॅटरीच्या पेटीला तडाखा बसला, तर खर्च त्याच्या कैक पट.

वाटाही थोड्या सुधारल्या. डिसेंबर 2000 मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना आली. तिचा सर्वसाधारण निकष पाचशे लोकवस्तीचा, त्यामुळं डोंगरावरचे चार-सहा घरांचे धनगरवाडे त्यात कसे बसणार? 2021 मध्ये राज्यानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. पाणंद हा शब्द योजनेच्या नावातच जाऊन बसला.

आउटलँडरमधून 1500 वॉटपर्यंत वीज बाहेर काढता येते. दिवे, पंखे, मोबाइल सहज चालतील एवढी. मावळात पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की दोन-दोन दिवस अंधार असतो. अशा वेळी दारात उभी असलेली गाडी घराला उजेड देऊ शकेल. फक्त त्याआधी ती ओढ्याच्या या काठाला यायला हवी.