कर नाही, तरी डर

नवा रायपुरात रात्री गाडी चालवायला मजा येते. रस्ते रुंद, सरळ आणि दहानंतर जवळजवळ रिकामे. मध्यंतरी मी आणि बायको बाहेर जेवून परतत होतो. एका चौकात नाकाबंदी होती. शिपायाने टॉर्च हलवली, "गाडी साइड में लीजिए." एमएच नंबर बघून त्याने कागद मागितले. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, सगळं जागच्या जागी. मी घोटभरही प्यालो नव्हतो. तरी कप्पा उघडताना बोटं अडखळली. कागदांत माझं ओळखपत्र दिसलं आणि शिपाई ताठ झाला. "जय हिंद सर, जाइए."

पुढे गेल्यावर बायको म्हणाली, "काश्मीरात घराघरांत शिरून झडत्या घेतलेला माणूस तू, आणि नाक्यावर घाम फुटतो?"

हसून वेळ मारून नेली. पण खडकवासल्यात शिकलेली एक सवय अजून आहे: भीती वाटली की ती कुठून आली ते शोधायचं. या भीतीचा माग काढला तर तो बराच मागे जातो.

हे रायपूर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, वारस नाही म्हणून १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्याच वर्षी पोलीस कायदा आला. सत्तावनचा धक्का ताजा होता. त्यामुळे नमुना घेतला तो लंडनच्या गस्तीवाल्याचा नव्हे, तर आयर्लंडच्या सशस्त्र दलाचा. लोकांची सेवा दुय्यम, सरकारचा वचक आधी. छत्तीसगडने त्या कायद्याच्या जागी स्वतःचा पोलीस कायदा केला तो थेट २००७ मध्ये.

गंमत अशी की राज्यकर्त्यांचाही स्वतःच्या पोलिसांवर भरवसा नव्हता. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या चौकशी आयोगाने छळाचे प्रकार कागदावर आणले. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आलं: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. २०२३ च्या नव्या साक्ष कायद्यातही कलम २३ मध्ये ते कायम आहे. १९०२ च्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर. हे आधी आपल्याच मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. त्यांच्या अहवालानेही पोलीस दल भ्रष्ट आणि जुलमी समजलं जातं, असंच म्हटलं. म्हणजे माझी अडखळलेली बोटं अगदीच एकटी नाहीत.

पण माझी भीती दोन मिनिटांची. काहींच्या वाट्याला ती जन्मासोबत आली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नोंद गुन्हेगार म्हणून करण्याची सोय केली. पुढे १९११ मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करता येईल असा झाला. नोंद झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे घ्यायचे, त्याने हजेरी द्यायची, ठरलेली हद्द सोडायची तर पास काढायचा. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं. तिथली माणसं दिवसा गिरणीत राबायची आणि परत कुंपणात यायची. काही प्रांतांनी हा कायदा आधीच मोडीत काढला होता. देशभरात तो संपला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी.

हे सगळं मला पुस्तकाआधी एका माणसाने शिकवलं, आणि ते मी फार उशिरा शिकलो.

कंपनी कमांडर असताना माझ्याकडे मराठवाड्यातला एक नाईक होता. उत्तम नेमबाज, अबोल. एकदा तो सुट्टीवरून दोन दिवस उशिरा आला. म्हणाला, "साहेब, गावाजवळ चोरी झाली. पोलीस स्टेशनला होतो." मला ती थाप वाटली. मी म्हणालो, "कर नाही त्याला डर कशाला? कार्ड दाखवून सुटायचंस." तो काही बोलला नाही. शिक्षा झाली, शीटवर लाल शाईची नोंद झाली.

काही महिन्यांनी रात्री पोस्टवर चहा घेताना त्याने आपणहून सांगितलं. आजोबा सेटलमेंटमध्ये वाढलेले. आजही तालुक्यात कुठे चोरी झाली की पहिली जीप त्यांच्या वस्तीवर येते. "मला कोणी धरलं नव्हतं साहेब. बापाला नेलं होतं. त्याला सोडवल्याशिवाय कसा येऊ? बापाकडे कार्ड नाही ना."

त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही. आपल्या फौजेतही हजेरी आहे, आउट पास आहे, भरतीला ठसे द्यावे लागतात. शब्द तेच. आपल्याला त्यातून मान मिळाला, त्याच्या आजोबांना शिक्का. माझी ती म्हण खोटी नाही, पण ती ज्याच्या खिशात कार्ड आहे त्याची म्हण आहे.

पोलिसांना झोडपायला हे लिहीत नाही. बस्तरमध्ये पोलिसांनी किती जवान गमावले, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. कायदाही हळूहळू बदलतोय. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव हवं, पंचनामा हवा, नातेवाइकाला खबर हवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना त्याच न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असंही बजावलं. मुंबईच्या एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर हा निकाल आला.

मी तेव्हा त्या ठाण्यात एक फोन केला असता तर खरंखोटं पाच मिनिटांत कळलं असतं. माझ्या जवानाच्या शब्दावर मी तेवढाही विश्वास ठेवला नाही. तो आता हवालदार आहे. लाल शाई पुसता येत नाही, पण त्याची माफी मी गेल्या दिवाळीत मागितली. "जाऊ द्या साहेब," म्हणाला, आणि मुलगी पोलीस भरतीची तयारी करतेय, हे सांगून हसला.

ज्यांच्या हाताखाली आज माणसं आहेत, त्यांना एवढंच सांगेन. जवान उशिरा आला तर शिक्षा जरूर करा, पण त्याआधी घरी कोणाला नेलं होतं ते विचारा.

जय हिंद.