तालमीतली दुखापत आणि तिचा उपचार

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास सांगायला बसलो की आपण डाव सांगतो, जोडी सांगतो, फेटे आणि गदा सांगतो. खासबागेच्या मैदानात १९१२ सालापासून कोण कोण मल्ल उतरले, त्यांची नावे इथल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतात. पण कुस्ती झाल्यावर त्या मल्लाचा सुजलेला घोटा कोणी पाहिला, निखळलेला खांदा कोणी बसवला आणि तो नीट बसला की नाही, हे कोणी फारसे लिहून ठेवले नाही. वास्तविक पैलवानाचे पुढचे आयुष्य पुष्कळदा त्या एका रात्रीत ठरते. म्हणून आज मी तुम्हाला दुखापतीची हकीकत सांगणार आहे. गावोगावच्या शाळांतून कुस्ती, कबड्डी, खोखो खेळणारी मुले आहेत, आणि मूल पडले की पहिला धावतो तो शिक्षक. त्याला ही हकीकत उपयोगी पडेल.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला उदार आश्रय दिला आणि पेठापेठांतून तालमी गजबजल्या. तालमीत वस्ताद हाच गुरू, हाच बाप आणि हाच वैद्य. त्याचा पहिला उपचार दुखापत होण्याआधीच सुरू होई. तुम्ही म्हणाल, तो कसा? तर हौद्यातली माती! तांबडी माती चाळायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालायचा आणि ती खोऱ्याने उकरून मऊ ठेवायची. हे उकरणे पोरांना कंटाळवाणे वाटते. पण उंचावरून पाठीवर आपटणारा गडी सकाळी उठून चालू शकतो तो त्या मऊ मातीमुळे. आज आपल्या कित्येक शाळांची कबड्डीची मैदाने मुरुमाची आणि टणक असतात. तिथे मुलांचे गुडघे फुटले तर दोष मुलांना कसा द्यायचा?

तरीही मार लागतोच. मुका मार असेल तर आंबेहळद, रक्त्याबोळ, तुरटी यांचा लेप. उसण भरली तर मालीश. हाड मोडले तर हाडवैद्य, म्हणजे बांबूच्या कामट्या, कापसाची गादी आणि वर पट्टी. हे सारे अडाणीपणाचे होते असे समजू नका. याचे मूळ फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. आधाराच्या पट्ट्या कशाच्या कराव्यात याची यादी आहे: वड, उंबर, पिंपळ, पळस, मोह, अर्जुन यांच्या साली आणि वेळूच्या कांबी. पट्टी ऋतुमानाप्रमाणे सोडून पुन्हा बांधावी, थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी, असेही त्यात आहे. अकराव्या शतकात बंगालमध्ये होऊन गेलेला चक्रपाणिदत्त हाड मोडल्याचे कळताच प्रथम थंड पाण्याचे शिंपण करायला सांगतो; मग चिखलाचा लेप, आणि नंतर आधार देऊन बांधणे. प्रथम थंड, मग आधार, हा क्रम पाहिला की नवल वाटते. कारण आपल्याकडे आज पाय मुरगळला की घरातला पहिला हात जातो तो तेलाच्या वाटीकडे, आणि दुसरा गरम विटेच्या शेकाकडे!

सुश्रुताने पट्टीबद्दल आणखी एक गोष्ट बजावली आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणात तीच सर्वांत मोलाची आहे. पट्टी सैल झाली तर सांधा स्थिर राहत नाही. पण ती फार आवळली तर सूज, वेदना आणि पू होतो. हा इशारा नंतरच्या हातांनी मनावर घेतला नाही. १८८१ साली जर्मनीतले शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी घट्ट बांधलेल्या हाताचे काय होते ते नीट मांडले. कोपराजवळचे हाड मोडते, आत सूज वाढत जाते, वरून घट्ट पट्टी. सुजेला बाहेर जायला जागा नाही. मग आतल्या स्नायूंना रक्त मिळत नाही आणि सहा-आठ तासांत ते मरू लागतात. पुढे बोटे पक्ष्याच्या पंज्यासारखी आत वळतात ती कायमची. या विकाराला फोल्कमानचेच नाव आहे. आपल्या देशातल्या इस्पितळांत कामट्यांनी आवळलेले असे हात आजही येतात, कधी काळे पडून येतात, आणि मग कापण्यावाचून इलाज उरत नाही. यात दोष बांबूचा नव्हे. कामटी चांगलीच असते. दोष गाठीचा आणि ती बांधून पाठ फिरवणाऱ्याचा. म्हणून पट्टी कोणीही बांधो, बोटांची टोके उघडी ठेवा. नख दाबून सोडा. पांढरे झालेले नख लगेच गुलाबी झाले पाहिजे. बोटे गार पडली, मुंग्या आल्या, बोट सरळ करताना पोरगं किंचाळू लागलं, तर "दुखणारच, मोडलंय की" असे म्हणू नका. पट्टी त्या क्षणी सैल करा आणि इस्पितळ गाठा.

हाडवैद्य आणि डॉक्टर यांचे भांडण काही आपल्यापुरतेच नाही. इंग्लंडमध्येही हाडे बसवणारे पिढीजात लोक होते आणि डॉक्टर त्यांना भोंदू म्हणत. १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यचिकित्सकाने आपल्याच व्यवसायबंधूंना एक व्याख्यान दिले. हाडवैद्य ज्या रोग्यांना बरे करतात ते का बरे होतात, हा त्याचा विषय! त्यांच्यातले चांगले उचला आणि वाईट टाळा, असे त्याने डॉक्टरांना सुचवले. लिव्हरपूलमध्ये तर याहून गंमत घडली. तिथल्या एव्हन टॉमस नावाच्या हाडवैद्याने आपले पाचही मुलगे डॉक्टर केले. त्यांतल्या ह्यू ओवेन टॉमसने पायासाठी लोखंडी चौकट काढली. पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या असंख्य शिपायांना तिने वाचवले, आणि टॉमस स्प्लिंट या नावाने ती अजून वापरात आहे. आपल्याकडे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव व्यायामाइतकेच हाडे बसवण्याबद्दल प्रसिद्ध होते. तेव्हा ही विद्या होती यात शंका नाही. फरक पडला तो १८९५ साली, राँटजेनने क्ष-किरण शोधले तेव्हा. तोपर्यंत हाडवैद्य आणि डॉक्टर दोघेही कातडीवरून चाचपडत होते. त्यानंतर डॉक्टरला आतले दिसू लागले. हाडवैद्य चाचपडतच राहिला.

चाचपडण्यातून कोणते नुकसान होते ते दोन सांध्यांवरून सांगतो. पहिला खांदा. खांदा निखळला की चारजण धरून हात ओढायची रीत आहे. कधी तो खटकन बसतो, आणि वाहवा होते. पण निखळलेल्या हाडाशेजारून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात, आणि पुष्कळदा हाडाचा टवकाही उडालेला असतो. ओढताना यांपैकी काय तुटेल ते बाहेरून सांगता येत नाही. फडक्याची झोळी करून हात छातीशी बांधा आणि दवाखान्यात न्या, एवढेच आपले काम. दुसरा सांधा कोपर. मुलाच्या कोपराला मार लागला की आजी प्रेमाने तेल लावून रोज रगडते. या रगडण्याने कोपराभोवतीच्या स्नायूत नवे हाड धरू लागते आणि सांधा कायमचा आखडतो. तेव्हा दुखावलेल्या कोपराला मालीश अजिबात नको. तालमीतले रोजचे मालीश वेगळे. ते धडधाकट अंगाला असते.

आता गुडघ्याकडे येऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. पण १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला खाशाबा जाऊ शकले नाहीत ते गुडघ्याच्या दुखापतीमुळे, हे फार थोडे सांगतात. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कुर्चेच्या गाद्या असतात आणि हाडे बांधून ठेवणारे दोरासारखे बंध असतात. कुस्तीत पाय जमिनीत रुतलेला आणि धड फिरलेले, अशा वेळी यांतले काहीतरी फाटते किंवा तुटते. दुर्बिणीने गुडघ्यातली फाटलेली गादी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया टोकियोत डॉक्टर वातानाबे यांनी केली ती १९६२ साली, म्हणजे मेलबर्ननंतर सहा वर्षांनी. आज ती आपल्याकडच्या मोठ्या शहरांतून होते. गुडघ्यात 'कट' असा आवाज येऊन दोन-तीन तासांतच तो फुगला, किंवा चालताना तो मध्येच अडकू लागला वा दगा देऊ लागला, तर लेपावर महिने घालवू नका. हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

घोटा मुरगळणे हे सर्वांत नेहमीचे, आणि त्याच्या उपचाराचा इतिहास मोठा मजेशीर आहे. १९७८ साली गॅब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची असे चार शब्दांचे सूत्र दिले. ते जगभर पाठ झाले. पुढे २०१४ साली त्याच मर्किनसाहेबांनी लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी जखम भरणे उलट लांबते, कारण सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच एक भाग आहे. २०२० साली ब्रिटनमधल्या एका क्रीडावैद्यक नियतकालिकात जे नवे सूत्र आले त्यात तर बर्फाला जागाच ठेवलेली नाही. मग आपण काय करायचे? खेळ थांबवा. पाय उशाशी घेतल्यासारखा उंच ठेवा. बेताचा दाब येईल अशी पट्टी बांधा. फार ठणकत असेल तर पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवा. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याचे ओले फडके चालते. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, रगडणे नको. त्यानंतर मात्र खाटेवर पडून राहू नये. दुखेल-न-दुखेल इतके चालायला लागावे. जुने वस्ताद लचक भरलेल्या गड्याला लढत बंद करून हलक्या बैठकांवर ठेवत, त्यात बरेच शहाणपण होते.

घोटा मोडला आहे की नुसता मुरगळला आहे, हे कसे ओळखावे? कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी एक साधी कसोटी ठरवली. लंगडत का होईना, चार पावले टाकता येतात का पाहा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड आणि खालचे टोक बोटाने दाबून पाहा. चार पावले टाकता येत नसतील, किंवा नेमक्या त्या हाडावर दुखत असेल, तर क्ष-किरण फोटो काढायलाच हवा. अगदी लहान मुलांना ही कसोटी लावू नये, त्यांना डॉक्टरकडेच न्यावे.

मानेबद्दल थोडक्यात पण जोर देऊन सांगतो. डोक्यावर पडलेला मुलगा मान दुखते म्हणाला, हातापायांत मुंग्या किंवा जडपणा सांगू लागला, तर त्याला उठवू नका, बसवू नका, मान कडकड मोडून पाहू नका. दोन्ही हातांनी डोके आहे तसेच स्थिर धरा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध हरपली, मुलगा भांबावला किंवा ओकला, तरी त्या दिवशी तो पुन्हा मैदानात जाणार नाही, सामना कितीही रंगात आलेला असो. आणि डॉक्टरने त्याला पाहिलेच पाहिजे.

पैलवानाचा चुरगाळलेला कान हा आपल्याकडे भूषणाचा विषय. तो होतो कसा? घासाघासीत कानाची कुर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण आवरणातूनच होते. आवरण सुटले की ती मरते आणि गाठाळ होऊन बसते. कान फुगल्याबरोबर, एक-दोन दिवसांत, डॉक्टरने रक्त काढून दाबपट्टी बांधली तर तो बहुधा सरळ राहतो. घरी सुई खुपसू नये, तिथे पू झाला तर सगळा कान जातो. भूषण हवे असेल त्याने खुशाल ठेवावे, पण शाळकरी पोराला निदान विचारावे तरी!

मातीतल्या खरचटण्याला क्षुल्लक मानू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. जखमेवर माती किंवा शेण दाबू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने ती धुवा. हळदीने लस चुकत नाही. सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वाताची लस असते; ती मुलांनी घेतली आहे की नाही याची नोंद शाळेत ठेवा.

आणि आणखी एक नोंद ठेवा. मूल दवाखान्यात पाठवताना त्याच्याबरोबर एक चिठ्ठी द्या: किती वाजता पडले, कसे पडले, शुद्ध गेली होती का, पट्टी कोणी आणि किती वाजता बांधली, खायला-प्यायला काय दिले. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली तर डॉक्टर हा शेवटचा प्रश्न विचारतातच, आणि बरोबर आलेल्या माणसाला तो बहुधा ठाऊक नसतो.