चष्म्यातला बाण

माझा भाचा कोल्हापुरात चष्म्याच्या दुकानात काम करत करत ऑप्टिशियनच्या परीक्षेची तयारी करतोय. त्याच्या वहीत लाल चौकटीत चार आकडे आहेत: ३० ला २५, ४५ ला ५०, ६० ला ७५, ९० ला १००. "एवढं पाठ असलं की सिलिंडरचं गणित सुटतंय मामा," असं त्याचं म्हणणं. सुटतं, हे खरंच. पण हे आकडे आले कुठून, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं, म्हणून मी शोधायला लागलो.

आधी आकडे कशाचे ते बघू. तुमच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर कधीकधी नंबराच्या पुढे आणखी एक नंबर आणि अंश लिहिलेले असतात. उदाहरणार्थ, सिलिंडर −२.००, ॲक्सिस ३०. ही काच गोल बाटलीच्या कापासारखी समजा. बाटलीवर उभी पट्टी ठेवली तर ती सपाट बसते, आडवी ठेवली तर डुगडुगते. सिलिंडर काचेतही ॲक्सिसच्या दिशेला नंबर शून्य आणि काटकोनात पूर्ण. प्रश्न उरतो तो मधल्या तिरक्या दिशांचा. ॲक्सिस ३० वर असेल, तर बरोबर आडव्या दिशेला किती? अंतर ३० अंशांचं, म्हणजे २५ टक्के, म्हणजे −०.५०. उभ्या दिशेला? अंतर ६० अंशांचं, ७५ टक्के, −१.५०. दोन्हींची बेरीज पुन्हा −२.००. ती नेहमीच जुळते, आणि परीक्षेत उत्तर ताडून बघायला हीच युक्ती कामाला येते.

डोळ्यातल्या या दोषाचा इतिहास फार जुना नाही. थॉमस यंगने १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यात तो वर्णन करून ठेवला, पण त्यावर चष्मा केला नाही. तो केला जॉर्ज एअरीने. केंब्रिजमधल्या या तरुण गणितज्ञाच्या लक्षात आलं, की आपला डावा डोळा वाचताना कामच करत नाही. पत्र्याला किंवा कार्डाला भोक पाडून त्यातून येणारा प्रकाशाचा ठिपका तो डोळ्यापासून मागेपुढे करत राहिला. एका अंतरावर ठिपक्याची एका दिशेला रेघ झाली, दुसऱ्या अंतरावर दुसऱ्या दिशेला. त्या दोन अंतरांवरून त्याने काच गणिताने काढली, इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराकडून घासून घेतली आणि १८२५ मध्ये त्यावर निबंध वाचला. सिलिंडरचा चष्मा सुरू झाला तो असा. पुढे हाच एअरी इंग्लंडचा राजज्योतिषी झाला. खगोल आणि चष्मा यांची ही जोडी योगायोगाची वाटली तरी तशी नाही, कारण दोघांना लागणारी कोनांची कोष्टकं एकच.

ती कोष्टकं आपल्याकडे आर्यभटापासून आहेत. धनुष्याची दोरी म्हणजे ज्या. कमानीच्या कोनावरून दोरीच्या अर्ध्या भागाची लांबी काढायची, हे ते गणित. आर्यभटाने त्रिज्या ३४३८ धरून २४ ज्या दिल्या. त्यात ३० अंशांची ज्या १७१९ आहे, बरोबर अर्धी. अर्ध्याचा वर्ग केला की पाव. वहीतले २५ टक्के ते हेच. हा शब्द अरबीत 'जीबा' झाला, तिथे तो 'जैब' असा वाचला गेला (आपल्या 'जेब'चा तोच अर्थ, खिसा किंवा छातीवरची घडी), आणि बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा शब्द घातला, सायनस. त्यावरून साइन.

पण वर्ग कशाला? इथे मला दुकानातलं एक जुनं यंत्र उपयोगी पडलं, लेन्स क्लॉक. घड्याळासारखी तबकडी आणि खाली तीन पाय. बाहेरचे दोन पाय स्थिर, मधला दबतो. काचेवर टेकवलं की मधला पाय किती आत गेला त्यावरून गोलाई कळते. धनुष्याच्या भाषेत, दोन पायांमधली दोरी, काचेचा पृष्ठभाग म्हणजे कमान, आणि मधल्या पायाने मोजलेली खोली म्हणजे बाण. खरोखरच बाण: आपल्या गणितात त्याला शर किंवा बाण म्हणतात, लॅटिनमध्ये सॅजिटा, त्याचाही अर्थ बाणच. ऑप्टिशियन ज्याला 'सॅग' म्हणतात, तो याच सॅजिटाचा तुकडा.

आता हे यंत्र सिलिंडरच्या पृष्ठभागावर ॲक्सिसपासून ३० अंश फिरवून ठेवा. पाय तेवढेच लांब, पण गोलाईच्या दिशेने त्यांनी झाकलेलं अंतर निम्मंच. आणि बाण अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर निम्मं तर बाण पाव. चौकटीतले चारही आकडे एका काचेवर यंत्र फिरवून डोळ्यांनी बघता येतात. ऑयलरने १७६० मध्ये कोणत्याही वक्र पृष्ठभागासाठी हा नियम मांडला, सिलिंडरचा चष्मा जन्मायच्या कितीतरी आधी.

आपल्या मुलखाशी याचा धागा आहे तो भास्कराचार्यांमार्फत. त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' ११५० मध्ये लिहिला, त्यात ज्या कशा काढायच्या यावर 'ज्योत्पत्ति' नावाचं प्रकरणच आहे. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटण इथला १२०७ चा शिलालेख त्या मठाला मिळालेलं दान सांगतो. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. याच सिंघणाने पुढच्या काही वर्षांत शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा पराभव करून कोल्हापूर घेतलं. शाळेत आम्हाला पन्हाळ्याची लढाई शिकवली, त्याच राजाच्या काळात चालणारी त्रिकोणमितीची शाळा मात्र कुणी सांगितली नाही. मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

आता पाठांतराची गोची. ही टक्केवारी एका दिशेची गोलाई बरोबर सांगते, पण तेवढ्यावर थांबलं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखू शकतं. समजा, −२.०० ॲक्सिस ३० चीच काच आहे आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर चुकीचं घेतल्याने तिचा मध्य ५ मिलिमीटर बाजूला बसला. काच मध्यापासून सरकली की ती प्रिझमसारखी वागते. किती, तर सेंटिमीटरमधलं अंतर गुणिले नंबर. आडव्या दिशेचा नंबर ०.५०, अंतर ०.५, म्हणून प्रिझम ०.२५. किरकोळ. अमेरिकन मानकात साधारण नंबरांना आडव्या दिशेला ०.६७ पर्यंत सूट आहे, म्हणजे काम पास.

पण तिरका सिलिंडर आडवा सरकवला तरी किरणांना आपल्याच दिशेने, ॲक्सिसच्या काटकोनात ढकलतो. म्हणून त्याच सरकण्यातून उभा प्रिझमही तयार होतो. तो निघतो ज्या आणि कोटिज्या यांच्या गुणाकाराने, इथे ०.४३. उभ्या दिशेची सूट फक्त ०.३३ आहे, कारण एक डोळा वर आणि एक खाली बघू शकत नाही. आडव्यापेक्षा मोठा आणि जास्त त्रासदायक असा हा आकडा लाल चौकटीत येतच नाही. डब्ल्यू. एफ. लाँगने १९७६ मध्ये हे सगळं एका छोट्या मॅट्रिक्समध्ये बसवून दाखवलं.

मॅट्रिक्स येत नसेल तरी दुकानातला लेन्सोमीटर आहे. अशी काच त्यावर लावा, ॲक्सिस ३० वर जुळवा आणि फक्त आडवी सरकवा. आतली आकृती आडवी जात नाही, तिरकी वर किंवा खाली निघते.