व्यवसायाची निवड आणि राज्यसंस्था : भारतातील मार्गदर्शन सेवेची घडण

व्यवसाय ही निवडण्याची गोष्ट आहे, हे शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचे गृहीतक आहे. १९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी या कार्याला संस्थारूप दिले, तेव्हा औद्योगिक नगरातील तरुणांपुढे निवडीचा प्रश्न प्रत्यक्षात उभा होता. भारतात मात्र जन्म आणि व्यवसाय यांची सांगड जातिव्यवस्थेने घातलेली होती. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी असून तीत व्यक्तीच्या कलाला स्थान नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. या पार्श्वभूमीवर मार्गदर्शन सेवेचा इतिहास हा एका सामाजिक कराराचाही इतिहास ठरतो.

या सेवेचा प्रारंभ विद्यापीठात आणि खाजगी प्रयत्नांतून झाला. कलकत्ता विद्यापीठात १९३८ मध्ये उपयोजित मानसशास्त्राची शाखा सुरू झाली. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांचे, तर १९४७ मध्ये पारसी पंचायतीचे केंद्र निघाले. १९४७ मध्येच अलाहाबाद येथे शासकीय मानसशास्त्र केंद्र स्थापन झाले. मुंबई शासनाने १९५० मध्ये या क्षेत्रात पदार्पण केले.

मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली आणि अभ्यासक्रमांच्या विविधतेबरोबर मार्गदर्शनाची गरज अपरिहार्य ठरली. १९५४ मध्ये दिल्लीत केंद्रीय मार्गदर्शन केंद्र स्थापन झाले. दुसरीकडे, १९४५ मध्ये युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी निघालेल्या सेवायोजन कार्यालयांचा दैनंदिन कारभार १९५६ मध्ये राज्यांकडे गेला. परिणामी विद्यार्थ्याचा कल शिक्षण खात्याने मोजावा आणि रिक्त जागांची नोंद श्रम खात्याने ठेवावी, अशी फाळणी झाली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानून ते प्राथमिक स्तरापासून असावे असे सुचविले. तथापि शाखेची निवड व्यवहारात बव्हंशी परीक्षेतील गुणांवरच ठरत राहिली.

परिभाषेचा प्रवासही तितकाच बोलका आहे. 'व्होकेशन' या शब्दाच्या मुळाशी हाक आहे. 'व्यवसाय' या शब्दाचा संस्कृतातील एक अर्थ निश्चय असा आहे. मराठीने त्याला धंद्याचा अर्थ दिला, आणि हाक व निश्चय दोन्ही मागे पडले. हिंदीने 'निर्देशन' स्वीकारले. त्यात आदेशाची छटा आहे. मराठीतील 'मार्गदर्शन' वाट दाखवून थांबते, चालणे ज्याचे त्याच्यावर सोपविते. 'समुपदेशन' या शब्दात तर, उपदेश टाळू पाहणाऱ्या शास्त्राच्या नावातच उपदेश येऊन बसला आहे. ज्या समाजात वडीलधाऱ्यांचा शब्द अंतिम मानला गेला, तेथे हा विरोधाभास केवळ शब्दकोशापुरता राहत नाही.

२०१५ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय करिअर सेवा सुरू करून नोकरीची नोंद आणि मार्गदर्शन पुन्हा एकत्र आणण्याचा यत्न केला. परंतु सुताराच्या मुलाचा कल चाचणीत कोणताही निघाला, तरी तो अनुसरण्याइतकी मोकळीक त्याच्या घरात व गावात असावी लागते. ती मोकळीक चाचणी देऊ शकत नाही. मार्ग दाखविण्याआधी मार्ग खुला असावा लागतो, आणि या सेवेचे यशापयश अखेर याच निकषावर मोजावे लागेल.