खासगीची नेमणूक

इंदूरच्या सियागंजात किराणा मालाचे घाऊक भाव सतत बदलत राहिले, परंतु याच शहराच्या होळकर राजघराण्याच्या धर्मादाय वास्तूंसाठीची सरकारी नेमणूक, म्हणजे वार्षिक रक्कम, मात्र एका आकड्याशी बांधली गेली. 'खासगी', म्हणजे पेशव्यांनी १७३४ मध्ये या घराण्यातील गौतमाबाईंना दिलेली व पुढे अहिल्याबाई होळकरांनी देशभरातील घाट, मंदिरे आणि धर्मशाळांवर खर्चिलेली स्वतंत्र मिळकत, १९४८ मध्ये मध्यभारत शासनाकडे गेली आणि त्या बदल्यात धर्मादायासाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायमचे ठरले. १९६२ मध्ये या धर्मादाय वास्तूंसाठी न्यास स्थापन झाला. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने या वास्तूंची मालकी राज्याची ठरवली, तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यासाला सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करण्यास सांगितले. दगडी घाटांची डागडुजी महागत जाते, म्हणून रकमेच्या ठरावीक मुदतीने फेरआकारणीची तरतूद १९४८ च्या मूळ करारातच असायला हवी होती.