घटक परीक्षक, इलेक्ट्रॉनीय
इलेक्ट्रॉनीय मंडलातील रोधक, धारित्र, प्रवर्तक, डायोड, ट्रँझिस्टर इ. सुटे घटक सुस्थितीत आहेत की नाहीत, हे ठरविणाऱ्या उपकरणास घटक परीक्षक म्हणतात. बंद पडलेल्या रेडिओत बहुधा एखाददुसराच घटक निकामी झालेला असतो. त्याची किंमत अल्प असली, तरी तो शोधण्यास लागणारा वेळ पुष्कळ असतो. हा वेळ परवडला, तरच संच दुरुस्त होतो. अन्यथा तो भंगारात जातो. म्हणून दुरुस्तीच्या व्यवसायात व छंदात स्वस्त परीक्षकास विशेष महत्त्व आहे.

इतिहास : रोध अचूक मोजणाऱ्या सेतूची कल्पना सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली व चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८४३ मध्ये ती प्रचारात आणली. हा सेतू मुख्यत्वे प्रयोगशाळेपुरता राहिला. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डोनल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये ‘अ‍ॅव्होमीटर’ हा बहुमापक बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट व ओहम या तीन एककांच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव पडले. त्याची आठवी प्रतिकृती १९५१ मध्ये निघाली आणि या उपकरणाचे उत्पादन २००८ पर्यंत चालू होते. महाराष्ट्रात नाशिक रोड येथील मोटवाने कंपनीने बनविलेले बहुमापक कार्यशाळांत व महाविद्यालयांत रुळले.

नागपूर येथे १९४८ मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झाले. रेडिओसंच घरोघरी पोहोचू लागले, तसा दुरुस्तीचा धंदाही वाढला. सीताबर्डीसारखी बाजारपेठ असो वा सक्करदऱ्यासारखी वस्ती, लहान कारागिराची भिस्त मुख्यतः बहुमापक व सिरीज दिवा यांवर असे. सिरीज दिवा म्हणजे तपासावयाच्या संचाशी एकसरीत जोडलेला साधा विजेचा दिवा. संचात मंडलसंक्षेप असल्यास दिवा पूर्ण तेजाने पेटतो व प्रवाह मर्यादित राहून पुढील हानी टळते. संच ठीक असल्यास तो मंद राहतो.

निर्वात नलिका बैठकीतून उपसून तिच्या जागी चांगली नलिका बसविली की दोष कळत असे. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९६२ मध्ये जर्मेनियम अर्धसंवाहक घटकांचे उत्पादन सुरू केले व ट्रँझिस्टर रेडिओ सर्वत्र पसरले. ट्रँझिस्टर मंडलात डाखलेला असल्यामुळे अदलाबदलीची जुनी रीत अवघड झाली. त्यावर हौशी जोडणाऱ्यांनी सोपा उपाय योजला : तपासावयाचा ट्रँझिस्टर हाच आंदोलकाचा कार्यकारी घटक करावयाचा, ध्वनी उमटला तर ट्रँझिस्टर चांगला.

घटकाची परीक्षा करणाऱ्याला उपकरणाचे कार्यही ठाऊक असावे लागते. उदा., काट्याच्या अनेक बहुमापकांत रोधमापनाच्या वेळी काळ्या टोकाशी धन विद्युत् दाब असतो, तर अंकीय बहुमापकात तो तांबड्या टोकाशी असतो. हे न जाणणारा डायोडाची दिशा उलटी ठरवितो. सिलिकॉन डायोडातून प्रवाह जाताना सु. ०·६ ते ०·७ व्होल्ट, तर जर्मेनियम डायोडात सु. ०·२ ते ०·३ व्होल्ट दाब पडतो. यावरून पदार्थही ओळखता येतो.

इलेक्ट्रोलिटिक धारित्राचा, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील कंडेन्सरचा, दोष अधिक फसवा असतो. आतील द्रव सुकत गेला, की त्याची धारणा जवळजवळ कायम राहूनही समतुल्य एकसरी रोध वाढू शकतो. धारणामापक अशा धारित्रास चांगले ठरवितो, पण मंडल चालत नाही. ऑस्ट्रेलियातील बॉब पार्कर यांनी १९९६ मध्ये या रोधाचा मापक घरी जोडता येईल अशा रूपात प्रसिद्ध केला. चाचणीचा दाब डायोड सुरू होण्याइतका नसल्यास घटक न उपसताही तपासणी होते. इ. स. २००० च्या सुमारास जगभर संगणकांतील सदोष धारित्रे फुगू लागली, तेव्हा अशा मापकांची उपयुक्तता पटली.

आधुनिक स्वरूप : जर्मनीतील मार्कुस फ्रेयेक यांनी सु. २००९ मध्ये मायक्रोकंट्रोलरवर आधारलेला परीक्षक मांडला व कार्ल-हाइन्त्स क्युबलर यांनी पुढे त्याचा विस्तार केला. त्याच्या तीन टोकांपैकी प्रत्येकास ६८० ओहम व ४७० किलोओहम असे दोन रोधक जोडलेले असतात. ही टोके आळीपाळीने धन व ऋण बाजूंस जोडून व पडणारे दाब मोजून तो घटकाचा प्रकार, टोकांचा क्रम व मूल्ये पडद्यावर दाखवितो. मंडल व आज्ञावली खुली असल्याने तो घरी जोडता येतो. त्याच्या स्वस्त तयार प्रतीही मिळतात.

मर्यादा : असा परीक्षक सु. ५ व्होल्टांवर तपासणी करतो. त्यामुळे ३०० व्होल्टांवर गळणारा धारित्र त्यास निर्दोष वाटू शकतो. भारित धारित्र निर्भारित न करता जोडल्यास परीक्षकच जळतो. यामुळे त्याचा निर्णय हा पुरावा समजावा, निवाडा नव्हे. निवाडा मंडल जाणणाऱ्यानेच करावयाचा असतो.

केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. सुटे भाग व माहिती उपलब्ध करून देणे, हा या हक्काचा गाभा आहे. तो प्रत्यक्षात येण्यास, मिळालेला भाग तपासता येईल असे साधन लहान कारागिराच्या हाती असणेही तितकेच आवश्यक आहे.